उद्याची ड्यूटी आज रात्री कळते तेव्हा…

रात्री साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या दिवसाचा ड्यूटी चार्ट येतो. दुपारची पाळी गृहीत धरून मुलाच्या शाळेतली पालकसभा, आईची दवाखान्याची अपॉइंटमेंट, गॅस सिलिंडरची डिलिव्हरी असं सगळं जुळवून ठेवलेलं असतं. चार्टवर मात्र सकाळी सातची पाळी लागलेली असते. सुपरवायझरला फोन करावा, तर उत्तर ठरलेलं: ‘जमत नसेल तर खाडा धरू.’ खासगी रुग्णालयातील परिचारिका, मॉलमधील विक्रेते, रिलिव्हरची वाट बघत गेटवर थांबलेले सुरक्षारक्षक, हॉटेलांतील कर्मचारी, कॉल सेंटरमधील तरुण आणि ठेकेदाराकडून कारखान्यात गेलेले कामगार यांच्या ओळखीचा हा प्रसंग आहे.

कामाच्या वेळा आणि आरोग्य यांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा रात्रपाळीभोवती फिरते. रात्रपाळीचे दुष्परिणाम खरेच आहेत. पण गेल्या काही दशकांतील संशोधनाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं आहे. पाळी कोणती, याइतकंच ती आधी कळते का, आणि ती बदलण्यात आपलं काही चालतं का, हेही शरीरावर परिणाम करतं. शेवटच्या क्षणी ठरणाऱ्या वेळा आणि जराही न वाकणारा साहेब या दोन्ही गोष्टी माणूस ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतो. शरीर मात्र त्यांची नोंद ठेवत असतं.

शरीराला वेळापत्रक लागतं

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या किंचित वर, काही हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, शरीराचं तापमान, रक्तदाब, भूक आणि वेगवेगळी संप्रेरकं यांची रोजची लय त्याच्या तालावर चालते. माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो. रोज सकाळचा उजेड त्याला पुन्हा जुळवून घेतो. हे घड्याळ पेशींच्या आत नेमकं कसं चालतं, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

या घड्याळाचा एक गुण महत्त्वाचा आहे. ते पुढचं ओळखून तयारी करतं. अंधार पडल्यावर मेलाटोनिन वाढू लागतं, पहाटे तापमान सर्वांत खाली जातं, आणि जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल चढू लागतं. जेवणाच्या ठरलेल्या वेळेआधी पचनसंस्थाही सज्ज होते. पण ही तयारी हळूहळू सरकते. झोपेची वेळ एकदम आठ तासांनी बदलली, तर शरीराला नव्या वेळेशी जुळायला साधारण दिवसाला तासभर, म्हणजे आठवडाभर लागू शकतो. आज दुपारपाळी, उद्या पहिली पाळी आणि परवा रात्रपाळी असा क्रम असेल तर जुळवून घेण्याची वेळच येत नाही. विमानाने परदेशी जाऊन आलेल्या माणसाला होणारा त्रास इथे घरबसल्या, दर आठवड्याला होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळ्यांच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये रात्रपाळीसाठी तेच वर्गीकरण कायम ठेवलं. याचा अर्थ पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असा मुळीच नाही. उपलब्ध पुरावा किती वजनदार आहे, हे सांगणारं ते वर्गीकरण आहे. त्याखेरीज मधुमेह, हृदयविकार आणि पोटाच्या तक्रारी यांच्याशी पाळ्यांच्या कामाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

वाट पाहत घेतलेली झोप

अचानक येणाऱ्या फोनचा त्रास फोन आल्यावरच सुरू होतो, असं नाही. स्वीडनमधील संशोधक टॉरस्वाल आणि ऑकरस्टेड यांनी जहाजांवरील इंजिनीअरांच्या झोपेचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. हे इंजिनीअर रात्री केबिनमध्ये झोपत, पण इंजिनचा अलार्म वाजला की उठून धावावं लागे. मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्यावर दिसलं, की अशा रात्री त्यांची गाढ झोप कमी होत होती आणि हृदयाचे ठोके वाढलेले राहत होते. विशेष म्हणजे, अलार्म वाजण्याआधीच्या तासांतही झोप बिघडलेलीच होती. ‘कदाचित उठावं लागेल’ ही जाणीव त्याला पुरेशी होती.

दुसरा प्रयोग जर्मनीतला. यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी तो १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काही स्वयंसेवकांना सांगण्यात आलं, की सकाळी सहाला उठवलं जाईल. त्यांच्या शरीरात, झोपेतच, उठण्याआधीच्या तासाभरात ताणाशी संबंधित एक संप्रेरक हळूहळू वाढू लागलं. म्हणजे शरीर जाग येण्याची तयारी करत होतं. दुसऱ्या वेळी त्यांना नऊला उठवू असं सांगून प्रत्यक्षात सहालाच उठवलं. तेव्हा ही तयारी झाली नव्हती, आणि उठल्याबरोबर ते संप्रेरक एकदम उसळलं. आपल्याकडे ‘उद्या पहाटेची गाडी आहे’ म्हटलं की गजराआधीच डोळे उघडतात, त्यामागे हेच आहे. वेळ ठाऊक असेल तर शरीर आपल्या परीने तयारी करतं. ठाऊक नसेल तर एक तर ते रात्रभर सावध राहतं, नाही तर ऐनवेळी हबकतं.

वाईट बातमीपेक्षा अधांतरी राहणं जड

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक साधा, पण बोलका प्रयोग मांडला. ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटायला दिले. दगडाखाली साप निघाला, की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसे. साप निघण्याची शक्यता सतत बदलत होती. घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि लोकांनी स्वतः सांगितलेला ताण, असं सगळं मोजलं गेलं. सर्वाधिक ताण झटका नक्की बसणार असताना आला नाही. बसेल की नाही, याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता.

‘रविवारी ड्यूटी आहे’ हे चार दिवस आधी कळलं तर माणूस चरफडतो, पण घरच्यांना सांगून मोकळा होतो. ‘रविवारचं शनिवारी रात्री सांगू’ म्हटलं, की ते चारही दिवस अधांतरी जातात. सुट्टी मिळाली तरी तिचा निम्मा आनंद आधीच संपलेला असतो. अशा घरांत हळूहळू एक सवय लागते, कशालाच ‘हो’ म्हणायचं नाही. लग्न, बारसं, मित्रांबरोबरची सहल, संध्याकाळचा योगवर्ग, मुलीच्या स्नेहसंमेलनातलं नृत्य, सगळ्याला एकच उत्तर: ‘बघू, ड्यूटी कशी लागते.’ माणसं हळूहळू बोलवायची थांबतात. एकटेपणाची ही वाट ताणाच्या मोजमापात सहज दिसत नाही, पण मनाच्या आरोग्यावर तिचा भार पडतोच.

अमेरिकेत डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांनी मोठ्या दुकानांच्या आणि खाद्यपदार्थांच्या साखळ्यांतील २७ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कामाच्या वेळांची अस्थिरता आणि मानसिक त्रास, वाईट झोप, असमाधान यांचा घनिष्ठ संबंध दिसला. कमी पगाराचाही संबंध होता, पण वेळांच्या अस्थिरतेचा त्याहून बराच जास्त. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरं. तरी वरच्या प्रयोगांशेजारी ती ठेवून पाहिली, तर चित्र एकाच दिशेचं आहे.

साहेब न ऐकणारा असेल तर

ताण कामाच्या ओझ्यामुळे येतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार आजही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा पाया मानला जातो. कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचं नियंत्रण कमी, अशी जोडी जमली की ताण सर्वाधिक घातक ठरतो. तेवढाच रेटा असला, पण काम कसं आणि कधी करायचं यात थोडा वाव असेल, तर माणूस तो बराच पेलतो.

या विचाराला मोठा आधार ब्रिटनमधून मिळाला. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली लंडनमधील १० हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ मालिकेतील दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. हृदयविकार मोठ्या जबाबदारीच्या साहेबांना जास्त होतो, हा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात हुद्दा जितका खालचा, तितका धोका जास्त आढळला. धूम्रपान, रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणं वजा केल्यावरही फरक उरत होता, आणि त्याचा मोठा भाग कामावरील कमी नियंत्रणाशी जोडलेला होता.

म्हणून ‘साहेब कडक आहे’ ही तक्रार केवळ स्वभावाची नाही. विनंतीला नेहमीच नकार मिळतो हे एकदा कळलं, की माणूस विचारणंच सोडतो. परिस्थिती आपल्या हातात काहीच नाही असं वाटू लागणं हा ताणातून नैराश्याकडे जाणारा ओळखीचा रस्ता आहे.

मिलच्या गेटवरची सकाळ

ही रीत मोबाइलने आणलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘बदली’ कामगारांची मोठी फौज असे. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही यावर त्या दिवसाचं काम ठरायचं, आणि ते समजण्यासाठी बदलीवाल्यांना रोज गिरणीच्या गेटवर हजेरी लावावी लागे. काम मिळालं तर पगार, नाही तर परत चाळीत. कोणाला घ्यायचं हे दीर्घकाळ जॉबरच्या मर्जीवर असल्याने त्याला खूश ठेवणं हाही नोकरीचाच भाग होता. १९३० च्या दशकात बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्ड देण्याची पद्धत आली, तरी अनिश्चितता गेली नाही. १९८२ च्या ऐतिहासिक संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होतीच.

याच गिरणगावाने दुसरी बाजूही पाहिली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या मागणीचं मोल आजच्या विज्ञानाच्या नजरेतून अधिक स्पष्ट होतं. ‘आठवड्यातून केव्हातरी एक दिवस’ आणि ‘दर रविवारी’ यांत तास सारखेच असतात. पण दुसऱ्या सुट्टीत घर, नातलग आणि सगळी वस्ती एकत्र सुट्टीवर असते, आणि ती येणार हे आधीपासून माहीत असतं.

दुकान चालतंच, उलट बरं चालतं

‘धंदाच असा आहे, आधी सांगता येत नाही’ हा व्यवस्थापनाचा नेहमीचा युक्तिवाद. तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागांतील २८ दुकानांमध्ये २०१५-१६ मध्ये एक प्रयोग झाला. सगळ्याच दुकानांत दोन आठवडे आधी वेळापत्रक देणं आणि ‘बोलावलं तर या’ प्रकारच्या पाळ्या बंद करणं हे नियम लागू झाले. त्यांपैकी काही दुकानांत याहून पुढे जाऊन शक्यतो रोज त्याच वेळेची पाळी, आणि साहेबाला मध्ये न घेता आपापसांत पाळी बदलण्याची सोय, असे बदल केले. ज्या दुकानांत हे जादा बदल झाले, तिथली विक्री तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि कर्मचाऱ्यांची झोपही सुधारली. संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. ऐनवेळच्या बदलांचं मोठं कारण गिऱ्हाइकांची ये-जा नव्हती. मालाची चुकीची माहिती, विक्री योजनांतले अचानक फेरफार आणि वरिष्ठांच्या भेटी, अशा मुख्य कार्यालयाच्या निर्णयांनीच दुकानाचं वेळापत्रक विस्कटत होतं.

कारखान्यांतही असा अनुभव आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खनिज कंपनीत चार्ल्स झाइसलर आणि सहकाऱ्यांनी पाळ्यांचा क्रम बदलला. रात्र, दुपार, सकाळ असा उलटा फेरा बंद करून सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा फेरा आणला आणि पाळी लवकर-लवकर बदलणं थांबवलं. कामगारांचं समाधान वाढलं, आरोग्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि उत्पादनही वाढलं. १९८२ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. फेरा पुढे सरकणारा असावा, हा सल्ला तेव्हापासून पाळ्यांच्या शास्त्रात रूढ आहे.

रुग्णालयांसाठी हा प्रश्न रुग्णांच्या सुरक्षेचाही आहे. बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांच्या सलग लांबलचक ड्यूट्या आणि आखडत्या ड्यूट्या यांची तुलना झाली. लांब ड्यूट्यांच्या काळात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्याचं २००४ मध्ये दिसून आलं.

रात्री बंद, सकाळी उघड

ऐनवेळच्या वेळापत्रकातला सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे रात्री अकराला सुटून सकाळी सातला पुन्हा हजर होणं. कागदावर मध्ये आठ तास दिसतात. अंबरनाथ किंवा विरारला राहणाऱ्याचे जाण्या-येण्यात तीन तास गेले, जेवण-आंघोळीत तास-दीड तास गेला, तर झोपेला साडेतीन तास उरतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती असावी लागते, ती याच हिशेबापोटी.

यात रस्त्यावरचा धोकाही आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. भारतात वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. मुलांच्या शाळेसाठी सकाळी सहाला उठलेली आणि दुपारची पाळी करून रात्री अकराला स्कूटर काढणारी परिचारिका या हिशेबात थेंबही न घेता मर्यादेपलीकडे असते.

कायदा काय सांगतो

वेळापत्रक ठरावीक दिवस आधी द्यावं, असे कायदे काही ठिकाणी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये मोठ्या साखळी दुकानांसाठी असा नियम केला, तर ओरेगॉन हे २०१७ मध्ये असा कायदा करणारं अमेरिकेतील पहिलं राज्य ठरलं. कामाच्या वेळांत पारदर्शकता आणि अंदाज असावा, यासाठी युरोपीय संघाने २०१९ मध्ये निर्देश काढला. आपल्याकडे मॉल, हॉटेल किंवा रुग्णालय यांच्या ड्यूटी चार्टसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पण कामगाराच्या हाती काहीच नाही, असंही नाही.

आठवड्याला ४८ तासांची चौकट, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वं कारखाने आणि आस्थापना दोन्हींच्या कायद्यांत आहेत. महाराष्ट्रात २०२५ मध्ये रोजच्या तासांची मर्यादा वाढवण्याचा निर्णय झाला, तरी आठवड्याची चौकट तीच राहिली. स्थायी आदेश लागू असलेल्या कारखान्यांत कामाच्या वेळा आणि पाळ्या सूचना फलकावर लावाव्या लागतात. पाळ्यांची पद्धत किंवा कामाचे तास यांत कायमस्वरूपी बदल करायचा, तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मात्र ही नोटीस पद्धत बदलण्यासाठी असते. एखाद्या दिवसाची ड्यूटी बदलणं तिच्यात बसतंच असं नाही. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्तींनाही ती लागू होत नाही. अडचण आल्यास कामगार संघटना किंवा जिल्ह्याचं कामगार आयुक्त कार्यालय यांच्याकडून नेमकी माहिती घ्यावी.

बोलायचं कसं

अडेल वरिष्ठाशी बोलताना बहुतेक जण दोनच मार्ग वापरतात: गप्प राहायचं, नाही तर एके दिवशी भडका उडवायचा. त्यांच्या मधला रस्ता जास्त उपयोगी पडतो.

आधी चार आठवड्यांची नोंद ठेवावी. चार्ट कधी आला, त्यात किती वेळा बदल झाला, दोन ड्यूट्यांमध्ये किती तास मिळाले आणि झोप किती झाली, एवढ्या चार गोष्टी साध्या वहीत लिहिल्या तरी पुरे. ‘नेहमीच असं होतं’ या वाक्याला साहेब उडवून लावू शकतो, ‘गेल्या महिन्यात अकरा वेळा’ याला सहज नाही.

दुसरं, मागणी कामाच्या तासांची नव्हे तर आधी कळण्याची असावी, आणि ती लहान असावी. ‘सर, ड्यूटीला माझी ना नाही. फक्त चार्ट शनिवारी दुपारपर्यंत लागला तर बाकीची जुळवाजुळव मी करीन’ अशा वाक्यात साहेबाला नकार द्यायला जागा कमी उरते. आठवड्यातला एक दिवस ठरलेला मिळणं, रात्री सुटल्यावर सकाळी लगेच न बोलावणं, सहकाऱ्याशी पाळी बदलायला आगाऊ परवानगी असणं, यांपैकी एकच मागणी आधी मांडावी. एक महिना करून बघू, असा प्रस्ताव ठेवावा.

तिसरं, साहेबही बऱ्याचदा वरून अडकलेला असतो. त्याला माणसं कमी दिलेली असतात आणि चार्ट त्याच्याही हातात उशिरा येतो. उशीर नेमका कुठे होतो हे शोधलं, तर वाद दोन माणसांमधला राहत नाही. चौथं, एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून जावं. एकट्याची अडचण ‘नखरे’ ठरते, पण सगळ्या पाळीची अडचण व्यवस्थापनाला प्रश्न म्हणून पाहावी लागते. बोलणं झाल्यावर ठरलेल्या मुद्द्यांचा छोटा, सौम्य मेसेज किंवा ईमेल पाठवून ठेवावा.

आजार असेल तर डॉक्टरांचं पत्र सोबत द्यावं. इन्शुलिन घेणारे मधुमेही, अपस्मार म्हणजे फिट्सचा त्रास असलेले, आणि बायपोलर किंवा नैराश्याचे उपचार घेणारे यांच्या बाबतीत झोप आणि जेवणाच्या वेळा उलटसुलट होणं ही गैरसोय नसून थेट धोका आहे. पाळी बदलली की औषधं कधी घ्यायची, हेही डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्यावं. मनाने डोस पुढे-मागे करू नये.

चार्ट हातात नसला, तरी एवढं हातात आहे

झोपेचा गाभा सांभाळावा. रोजच्या झोपेतले निदान चार तास एकाच वेळी पडतील असं पाहिलं, तर शरीराची लय बऱ्यापैकी टिकते, हे ब्रिटनमधील मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८१ मध्ये दाखवलं. पहिली आणि दुपारची पाळी आलटून-पालटून असेल, तर रात्री १ ते पहाटे ५ हे तास दोन्हींत झोपेचे ठेवता येतात. उरलेली झोप कधी आधी, कधी नंतर घ्यावी. अचानक रात्रपाळी लागली, तर निघण्यापूर्वी तास-दीड तास झोप काढावी आणि सकाळी घरी आल्यावर कामं काढत न बसता खोलीत अंधार करून आडवं व्हावं.

चहा-कॉफीतील कॅफिनचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणून झोपेच्या सहा तास आधीपासून ते टाळावं. ड्यूटीवर विश्रांतीत वीस मिनिटांची डुलकी मिळाली, तर ती कडक चहापेक्षा मोलाची. मध्यरात्रीनंतर भरपेट जेवण टाळून हलकं काही खावं. डोळे मिटत असतील तर दुचाकी काढू नये. कंपनीची बस किंवा लोकलने जावं, नाही तर आधी थोडं झोपून मग निघावं.

मोबाइलचाही नियम ठरवावा. चार्ट साधारण दहाला येत असेल, तर तो दहाला एकदाच पाहावा आणि उरलेल्या ग्रुपचा आवाज बंद ठेवावा. घरातही आठवड्यातली एक गोष्ट अशी असावी, जी ड्यूटी कोणतीही लागली तरी टिकेल. मुलांबरोबरचा सकाळचा चहा असो की आईला रोजचा दहा मिनिटांचा फोन असो, त्याची वेळ बदलली तरी चालेल. खंड मात्र पडू देऊ नये.

तीन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावं. जीव नकोसा होण्याचा विचार आला, तर तीन आठवडे थांबूही नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं.

वेळापत्रक लावणाऱ्यांसाठी यातला धडा सोपा आहे. चार्ट आठवडाभर आधी लावायला यंत्रसामग्री लागत नाही, फार खर्चही येत नाही. ज्यांच्या नावापुढे ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ लिहिलं जातं, त्यांच्या घरी मात्र त्या एका शब्दावर कोणाची झोप, कोणाचं औषध आणि कोणाची शाळा अवलंबून असते. तो शब्द चार दिवस आधी कळवणं ही मेहेरबानी म्हणून पाहिली जाते. आरोग्याच्या दृष्टीने ती हेल्मेट आणि हातमोज्यांइतकीच साधी सुरक्षासाधनं आहेत, आणि त्याच यादीत तिची जागा आहे.